आईंचा वगळलेला फोल्डर

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. शेवटासाठी ठेवलं तर मध्येच कुठेतरी मी ती पुन्हा दडवेन… माझी सवय मला माहीत आहे.

दुसरं म्हणजे, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. या सदरात छापून येणारे वाचकांचे अद्भुत अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत वाचायचो, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचायचो. मी कंप्युटरवाला माणूस. गेली बारा वर्षं निव्वळ बॅकअपचं काम करतोय. एखाद्या ऑफिसचं मशीन बसलं, की आदल्या दिवशी घेतलेली प्रत काढायची आणि नव्या ड्राइव्हवर सगळं जसंच्या तसं उभं करून द्यायचं. या धंद्यात चमत्कार नसतो. प्रत घेतलेली असेल तर फाइल परत येते, नसेल तर येत नाही. नव्याने लागलेल्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो.

आम्ही आयर्लंडमध्ये मेयो परगण्यातल्या कासलबारला राहतो. गावाच्या कडेला नवी वसाहत आहे, तिथे जोडघर. बायको नीलिमा इथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. मी डब्लिनच्या एका कंपनीचं काम घरूनच करतो, वरच्या छोट्या खोलीतून. मुलगी सई तेरा वर्षांची आहे, तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर मेयोच्या इंग्लिशमधून येतं. आणि गेली चार वर्षं नीलिमाची आई आमच्याकडे असते. मीही त्यांना आईच म्हणतो.

आई अमरावती जिल्ह्यात सरकारी आरोग्य केंद्रात नर्स होत्या. एकतीस वर्षं. मेळघाटाच्या पायथ्याची खेडी, पायी किंवा बैलगाडीने जायचं आणि बाळंतपणं करायची. अवघड गेलेल्या प्रत्येक बाळंतपणाची त्या वहीत नोंद ठेवायच्या. सरकारी रजिस्टर वेगळं, ही त्यांची स्वतःची. बाईचं नाव, गाव, मूल कसं आलं, बाहेर पाऊस होता का, उजेडाला काय होतं, बाई काय बोलली. सासरे गेल्यावर तिकडचं घर विकलं तेव्हा त्या वह्या आई बॅगेत घालून घेऊन आल्या. कपडे कमी आणले, वह्या सगळ्या आणल्या. पण त्यांना वाळवी लागलेली होती, पान उलटलं की कोपरा हातात यायचा.

मग मीच त्यांना घरच्या कंप्युटरवर मराठी टायपिंग शिकवलं. त्या एका बोटाने टाइप करायच्या. एका बाळंतपणाची एक फाइल. आणि फाइलचं नाव म्हणजे अख्खं वाक्य — ‘सुभद्रा वानखडे मुलगी पायाळू नाल्याला पूर होता’. अशा दोनशेच्या वर फाइली. एक वही टाइप झाली की तिचं काय करायचं, असं त्यांनी मला विचारलं होतं. मी म्हणालो होतो, “आता कंप्युटरमध्ये आहे ना, आई. कशाला ठेवताय ती वाळवी घरात?” आईंनी एकेक वही स्वतःच्या हाताने रद्दीच्या ग्रीन बिनमध्ये टाकली. टाकण्याआधी कपाळाला लावायच्या.

आता चूक.

घरच्या कंप्युटरचा बॅकअप टेबलामागे लावलेल्या डिस्कवर रोज आपोआप व्हायचा, आणि झाला की मला मेल यायचा — नीट झाला तर हिरवा, काही अडलं तर लाल. आईंनी टायपिंग सुरू केल्यावर मेल रोज लाल यायला लागला. तो प्रोग्रॅम जुना होता, त्याला इतकी लांब मराठी नावं झेपत नव्हती. दुरुस्ती अवघड नव्हती, एका दुपारचं काम होतं. पण दिवसभर ऑफिसातले लाल मेल हिरवे केल्यावर घरचा लाल मेल बघवेना. म्हणून मी एक ओळ लिहिली. बॅकअपमधून काय काय वगळायचं, त्याची एक यादी असते. त्या यादीत मी आईंचा फोल्डर टाकला. येत्या शनिवारी नीट करू, असं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी मेल हिरवा आला.

तो शनिवार तीन वर्षं आला नाही. आमच्या धंद्यातल्या कुणीही हे वाचलं तर त्याला घाम फुटेल, कारण ही ओळ प्रत्येकाने कुठे ना कुठे लिहिलेली असते.

या फेब्रुवारीत घरच्या कंप्युटरचा ड्राइव्ह गेला. अचानक, पूर्ण. मी निवांत होतो. नवा ड्राइव्ह आणला, बॅकअप चढवला, दीड तासात सगळं परत आलं. सईचे कॅमोगीच्या, म्हणजे इथल्या मुलींच्या हॉकीसारख्या खेळाच्या, मॅचचे फोटो, नीलिमाचे पेपर, कराचे कागद, पासपोर्ट, सगळं. संध्याकाळी आई नेहमीसारख्या खुर्चीत येऊन बसल्या, चष्मा लावला आणि बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “प्रशांतराव, माहं खातं दिसून नाई राहिलं.”

फोल्डरला त्या खातं म्हणतात. त्या क्षणी मला ती ओळ आठवली. मी माउस घेतला, इकडेतिकडे शोधल्यासारखं केलं. नीलिमा दारात येऊन उभी राहिली. आणि मी म्हणालो — शब्द अगदी जसेच्या तसे लक्षात आहेत — “बॅकअपमध्ये सगळं आलंय. म्हणजे ड्राइव्ह जायच्या आधीच ते डिलीट झालेलं असणार. आईंकडून चुकून दाबलं गेलं असेल.”

आईंनी माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या हातांकडे पाहिलं. म्हणाल्या, “हौ. माह्याच हातानं काही झालं असन.”

सई जिन्यातून ओरडली, “शी डिडन्ट डिलीट इट, बाबा. आजी’ज ग्रँड ऑन दॅट थिंग.” ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत झकास. मी तिला होमवर्क कर म्हणालो.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी हे आयुष्यभर पचवलं असतं. पण गोष्ट पुढे गेली. त्या हिवाळ्यात आईंचं थोडं विसरणं सुरू झालं होतं. दोनदा बीपीची गोळी डबल घेतली, एकदा वार चुकला. नीलिमा डॉक्टर असल्यामुळे जास्तच घाबरली होती. तिने स्मरणशक्तीच्या तपासणीसाठी वेळ घेतली होती आणि डॉक्टरांना सांगायच्या गोष्टींची यादी फ्रिजवर लावली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या यादीत एक ओळ वाढलेली दिसली — ‘महत्त्वाच्या सगळ्या फाइली डिलीट केल्या, केल्याचं आठवत नाही.’

मी ती ओळ रोज वाचत होतो. दूध काढताना, दूध ठेवताना. माझी एक ओळ कंप्युटरमध्ये आणि तिच्यातून निघालेली दुसरी फ्रिजवर.

आई त्या दिवसापासून कशालाच हात लावेनात. किटलीचं बटण दाबायच्या आधी विचारायच्या, “लावू का?” मायक्रोवेव्हपाशी उभ्या राहून वाट बघायच्या, कुणीतरी येऊन बटण दाबेल म्हणून. नीलिमा म्हणाली, “आई, अगं चहा तर कर.” तर म्हणाल्या, “माह्या हाताचा आता भरोसा नाई, बाई.” ज्या हातांनी कंदिलाच्या उजेडात पायाळू पोर फिरवलं, ते हात किटलीला भीत होते. मी बघत होतो आणि गप्प होतो. दिवस जातो तसं बोलणं जास्त अवघड होतं, एवढंच सांगतो. सबब म्हणून नाही सांगत.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

पंधरा दिवसांत तो नवा ड्राइव्हसुद्धा त्रास द्यायला लागला, म्हणून दुकानदाराने बदलून दिला. एका रविवारी दुपारी मी पुन्हा तेच काम करायला बसलो. तोच बॅकअप, कोरा ड्राइव्ह. नीलिमा सईला घेऊन मॅचला गेली होती. बाहेर इथला नेहमीचा बारीक पाऊस, पण उजेड चांगला होता. आई माझ्याच खोलीत खिडकीशी मटार सोलत बसल्या होत्या, माझ्याकडे आणि स्क्रीनकडे पाठ करून. चष्मा खाली स्वयंपाकघरात राहिला होता. हे मला पक्कं माहीत आहे, कारण थोड्या वेळापूर्वी मटार त्यांनी हाताला लागतील तसे निवडलेत म्हणून मी चष्मा आणून देऊ का विचारलं होतं, आणि त्या नको म्हणाल्या होत्या.

काम चालू असताना स्क्रीनच्या खालच्या पट्टीत, कोणती फाइल उतरतेय तिचं नाव दिसत राहतं. मी तिकडे बघत नव्हतो. फोन बघत होतो. तेवढ्यात आई बोलल्या. मला वाटलं, माझ्याशीच. पण त्या हळू आवाजात, शेंग सोलता सोलता म्हणत होत्या, “सुभद्रा… पायाळू… पूर व्हता.”

मी सहज वर बघितलं. खालच्या पट्टीत मराठी अक्षरं होती. सुभद्रा वानखडे मुलगी पायाळू नाल्याला पूर होता.

मला आधी काही वाटलंच नाही. डोक्यात शिरलंच नाही. मग आई म्हणाल्या, “लक्ष्मी. जुळे. दुसरं निळं पडलं व्हतं, मंग रडलं.” आणि अक्षरं बदलली. लक्ष्मी धुर्वे जुळे दुसरा उशिरा रडला. आई पुढचं नाव घ्यायच्या, आणि एखादा श्वास जाईल एवढ्या वेळाने ते खाली दिसायचं. आधी आवाज, मग अक्षरं. हा क्रम एकदाही उलटला नाही. मटार पातेल्यात पडल्याचा आवाज, मग नाव, मग फाइल.

मी उठू शकलो नाही. घाबरलो होतो असंही नाही. लाज वाटत होती, इतकी की आईंकडे वळून बघवेना. वर्गात चोरी पकडली गेल्यावर बसतो तसा मी बसलो होतो, आणि त्या बायांची हजेरी चालली होती. किती वेळ, ते नक्की सांगता येत नाही. मटार संपले. नावंही संपली. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, “प्रशांतराव, चहा ठेवता का जरा? मी नाई हात लावत.”

चहा करून वर आलो. फोल्डर उघडला. सगळ्या फाइली होत्या. आत त्यांचाच मजकूर, त्यांच्याच चुका — ‘बाळंतीण’ त्या नेहमी एकाच पद्धतीने चुकवतात, तीसुद्धा तशीच.

मी जे तपासलं ते सांगतो, कारण इथले वाचक विचारतील. वगळायच्या यादीत ती ओळ तशीच होती. बॅकअपची डिस्क ऑफिसच्या लॅपटॉपला लावून पाहिली, आईंचा फोल्डर तिच्यात नव्हता. किती फाइली उतरवल्या याची प्रोग्रॅम नोंद ठेवतो. तो आकडा आधीच्या वेळचा आणि या वेळचा अगदी सारखा, म्हणजे आईंच्या फाइली त्याच्या हिशेबी आल्याच नव्हत्या. एरवी फाइली अक्षरांच्या क्रमाने उतरतात. या उतरल्या त्या बाळं ज्या क्रमाने जन्माला आली त्या क्रमाने. आणि बाकी सगळ्या फाइलींवर त्यांच्या जुन्या तारखा होत्या, या दोनशेंवर मात्र त्या रविवारच्या दुपारची वेळ होती, एकीमागून एक. ऑफिसमधल्या पॅड्रिकला मी अर्धवट सांगितलं. त्याने दोन-तीन शक्यता काढल्या. कोऱ्या ड्राइव्हवर त्यातली एकही लागू होत नाही हे त्यालाही कळत होतं. शेवटी म्हणाला, मिळालं ना परत, मग ग्रँड.

आता यापेक्षाही लाजिरवाणी गोष्ट सांगायची राहिली आहे.

संध्याकाळी नीलिमा आली. मी तिला फोल्डर दाखवला. ती रडली, मला मिठी मारली, म्हणाली, “कसं काढलंस रे?” आणि मी म्हणालो, “डिलीट झालेलं खरवडून काढता येतं कधीकधी. वेळ लागला जरा.”

म्हणजे जे माझ्या डोळ्यांदेखत घडलं होतं त्याचंही श्रेय मी घेतलं. आणि आईंनी डिलीट केलं, हे खोटं आणखी घट्ट केलं. आई कोपऱ्यातून बघत होत्या. म्हणाल्या, “लय मेहनत घेतली यायनं. दुपारपासून बसून व्हते.”

फ्रिजवरची ओळ तशीच राहिली. नीलिमा म्हणाली, फाइली मिळाल्या हे चांगलंच, पण डिलीट झाल्या होत्या हे डॉक्टरांना सांगायलाच हवं.

तपासणी गुरुवारी सकाळी होती. डॉक्टर मेयोचेच, वयस्कर, शांत. नीलिमा यादी वाचून दाखवत होती आणि ते लिहून घेत होते. फाइलींवर आल्यावर त्यांनी पेन थांबवलं आणि आईंना विचारायला सांगितलं, की याबद्दल काही आठवतं का. नीलिमाने विचारलं. आईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “हौ, माह्याच हातानं गेलं. लिहून घ्या म्हना त्याईले.”

डॉक्टर लिहायला लागले. तेव्हा मी बोललो. इंग्लिशमध्ये बोललो. त्यांनी काही डिलीट केलेलं नाही, मी तीन वर्षांपूर्वी फोल्डर बॅकअपमधून काढला होता आणि त्यांच्यावर ढकललं, कृपा करून ते खोडा. डॉक्टरांनी काही न विचारता ती ओळ खोडली. नीलिमा समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

इंग्लिशमध्ये सोपं गेलं होतं. इथे दिवसाला दहा वेळा सॉरी म्हणतात, दुकानात कुणाला धक्का लागला तरी. आईंना त्यातलं काही कळलं नाही असं धरून मी चाललो होतो.

घरी आल्यावर नीलिमा वर निघून गेली. आई स्वयंपाकघरात किटलीपाशी उभ्या होत्या, वाट बघत. मी जवळ गेलो आणि म्हणालो, “आई, ते तुमच्या फाइलींचं…”

त्यांनी मला पुरं बोलू दिलं नाही. “मले मालूम हाय.”

मी विचारलं, काय माहीत आहे.

“तुमीच तर सांगतलं व्हतं. दिवाळीच्या आदल्या दिवशी. मी चिवड्याचे पोहे भाजून राहिली व्हती, तुमी अथी दारात उभे व्हते. म्हनले, आई, तुमच्या नावानं रोज लाल पत्र येते, तुमचं सध्या बाजूले ठेवतो, शनवारी पाहतो.” “मंग तुमी विसरले असान. कामं का कमी असतात तुमाले.”

मला ते आजही आठवत नाही. दारात उभं राहणं, पोहे, काहीच नाही. पण ‘लाल’ हा शब्द त्यांना मी सांगितल्याशिवाय कळणं शक्य नाही. म्हणजे ज्यांच्या स्मरणशक्तीची आम्ही तपासणी करत होतो त्यांच्या लक्षात सगळं होतं, आणि विसरलो होतो मी.

“मग तुम्ही बोलला का नाही?” मी विचारलं. “नीलिमाने यादीत लिहिलं तेव्हा तरी?”

“जवायाले कोनी पोरीपुढं खोटं पाडते का, प्रशांतराव?” त्या अगदी सहज म्हणाल्या, हे मला माहीत असायलाच हवं होतं अशा सुरात. मग आपले दोन्ही हात पुढे धरून बघितले. “पन मंग मलेच वाटाले लागलं, की खरंच माह्याच हातानं झालं का काय. रोज रोज तेच म्हनलं ना, तं खरं वाटते.”

रविवारबद्दल मी विचारलं. ती नावं कशी काय घेत होतात? त्या म्हणाल्या, वह्या टाकल्यापासून त्या रोजच घेतात, मनातल्या मनात, एखादी राहू नये म्हणून. त्या दुपारी तोंडातून बाहेर आली असतील. स्क्रीनवर काय चाललं होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, तर “असं?” म्हणाल्या, आणि पुढे काही विचारलं नाही. खुलासा माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर कळवा, पण त्या दोनशे फाइली कुठून आल्या यापेक्षा त्या कशा गेल्या, हेच मला जास्त छळतं, आणि ते मला पक्कं माहीत आहे.

मी नीलिमाला हाक मारली. ती खाली आली, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली. शाळेला सुट्टी असलेली सईही तिच्या मागे येऊन उभी राहिली. आमच्यात जावई सासूच्या पाया पडत नाही, आईंनी कधी पडू दिलं नव्हतं. मी वाकलो तर त्या मागे सरकल्या असत्या. म्हणून मी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. आदल्या संध्याकाळीही मटार सोलल्यामुळे नखांच्या कडा अजून हिरवट होत्या. आणि सगळ्यांसमोर, मराठीत, म्हणालो, “आई, या हातांनी काहीही गेलं नव्हतं. मी घालवलं, आणि तुमच्यावर ढकललं. मिळाल्यावरसुद्धा खोटंच बोललो. माझं चुकलं. मला माफ करा.”